विजेच्या माहेरी विजेचा हिशेब

बोईसर स्थानकातून पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने निघालेला रस्ता उच्चदाबाच्या तारांची सोबत घेऊन जातो. भाताची खाचरे, ताडांच्या रांगा, वाड्या आणि या सर्वांच्या डोक्यावरून निघालेले लोखंडी मनोरे. भारतातील पहिली व्यापारी अणुवीज याच किनाऱ्यावर निर्माण झाली. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन संचांचे व्यापारी उत्पादन २८ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाले आणि पुढे २००५ व २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेचे आणखी दोन संच त्यांच्या शेजारी उभे राहिले. थोडे उत्तरेला डहाणूच्या खाडीकाठी १९९५ च्या सुमारास ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र कार्यान्वित झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा ही दोन्ही केंद्रे त्याच्या वाट्याला आली. विजेचे माहेर म्हणावे असा हा जिल्हा आहे.

तरीही मृगाचा पहिला मोठा पाऊस कोसळला की पालघर-बोईसरच्या कित्येक घरांत दिवे मालवतात आणि देवघरातील समईच घराला आधार देते. ‘दारात अणुवीज आणि घरात अंधार, हे कसे?’ असा प्रश्न येथील गृहिणी पिढ्यान्पिढ्या विचारत आली आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर समजून घेतले, तर घरातील विजेविषयी पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

केंद्रात निर्माण झालेली वीज शेजारच्या गावाला आधी मिळावी, अशी विजेच्या जाळ्याची रचना नसते. ती वीज प्रथम फार मोठ्या दाबाला चढवली जाते आणि पारेषण वाहिन्यांतून दूरवर जाते. तारापूरची वीज महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांना मिळते. डहाणूच्या विजेचा जन्मच मुंबईच्या उपनगरांसाठी झाला. बोईसरच्या घराला जी वीज मिळते ती जाळ्यातून पुन्हा खाली उतरून, जवळच्या उपकेंद्रातून, खांबांवरच्या तारांनी आणि कोपऱ्यावरच्या डीपीमधून येते. ही शेवटची काही किलोमीटरांची वाट सर्वांत नाजूक असते. आंब्याची फांदी तारेवर घासते, खाऱ्या वाऱ्याने चिनीमातीच्या चिमण्यांवर क्षार साचतात, पहिल्या पावसात त्या ओल्या क्षारांतून वीज झिरपते आणि वाहिनी बंद पडते. अणुभट्टी पाच किलोमीटरवर आहे की पाचशे, याचा या अंधाराशी काहीही संबंध नसतो.

घराची ऊर्जासुरक्षा ही त्यामुळे घराच्या मीटरपाशी सुरू होते. मीटरच्या अलीकडचे जग महावितरणचे, पलीकडचे जग कुटुंबाचे. आणि पलीकडच्या या जगात हाती असणाऱ्या गोष्टी समजुतीपेक्षा बऱ्याच अधिक आहेत.

या विजेची किंमत कोणी दिली

आकड्यांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. शेती आणि मासेमारी यांवर जगणारी ही कुटुंबे नव्या वसाहतींत गेली. त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचला. डहाणूत वेगळी कहाणी घडली. हा तालुका जून १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला होता. चिकूच्या बागा, भात आणि समुद्र यांवर कोळशाच्या धुराचा काय परिणाम होईल, ही चिंता सर्वोच्च न्यायालयात मांडली गेली आणि १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणूसाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. धुरातील गंधक धुऊन काढणारी यंत्रणा त्या केंद्रात बसली, ती या प्राधिकरणाने धरलेल्या आग्रहामुळे.

इंधनाची कथाही विसरण्याजोगी नाही. तारापूरचे पहिले दोन संच अमेरिकेशी १९६३ मध्ये झालेल्या करारावर उभे होते. समृद्ध युरेनियम तेथूनच यायचे. १९७४ च्या पोखरण अणुचाचणीनंतर ते इंधन अडू लागले. नंतरच्या काळात फ्रान्स, चीन आणि रशिया यांच्याकडून क्रमाक्रमाने ते मिळवावे लागले. नव्या दोन संचांना नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी चालते. दुसऱ्याच्या हाती असलेली ऊर्जा किती बेभरवशाची असते, हे राष्ट्राला तारापूरने शिकवले. घराला ते एक साधा वादळी दिवस शिकवतो.

बटण दाबल्यावर मिळणाऱ्या प्रत्येक युनिटामागे ही जमीन, हा समुद्र आणि ही कुटुंबे उभी आहेत. भौतिकशास्त्राचा हिशेब त्याहून कडक आहे. कोळशाच्या किंवा अणुभट्टीच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश, फार तर त्याहून थोडा अधिक भाग विजेत रूपांतरित होतो. उरलेली उष्णता समुद्राच्या पाण्यात आणि हवेत जाते. तारांतून येताना आणखी काही वीज वाटेतच गळते. म्हणून घरात वाचलेले एक युनिट केंद्रात सुमारे तीन युनिटांइतकी उष्णता वाचवते. कोळशाच्या भाषेत बोलायचे तर एका युनिटामागे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण नावाचे एक व्रत सांगितले आहे: कोणतेही प्रयोजन साधत नसताना होणारी हिंसा टाळावी. रिकाम्या खोलीत गरगरणाऱ्या पंख्याला याहून नेमके नाव सापडणे कठीण.

छतावरचा जुना पंखा

पालघरच्या किनारपट्टीवर घरातील विजेचा सर्वांत मोठा, तरीही सर्वांत दुर्लक्षित ग्राहक म्हणजे छताचा पंखा. वातानुकूलन यंत्राकडे सर्वांचे लक्ष असते, कारण त्याचा आवाज येतो आणि त्याचे बिल मे महिन्यात दिसते. पंखा मात्र दमट हवेमुळे वर्षातील दहा महिने फिरत राहतो आणि त्याची कोणी चौकशी करत नाही.

नेहमीचा पंखा पूर्ण वेगाने फिरताना सुमारे ७५ वॉट वीज घेतो. चार पंखे रोज बारा तास चालले, तर दिवसाला ३.६ आणि महिन्याला १०८ युनिटे होतात. तितकाच वारा देणारा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॉटांत भागवतो; त्याच चार पंख्यांचा मासिक खर्च ४३ युनिटांवर येतो. म्हणजे महिन्याला ६५ युनिटांची बचत होते आणि कोणाला एक मिनिटही अधिक उकडत नाही.

या ६५ युनिटांचे मोल महावितरणच्या टप्प्यांमुळे वाढते. घरगुती बिलात पहिली १०० युनिटे एका दराने, १०१ ते ३०० पर्यंतची त्याहून कितीतरी चढ्या दराने आणि पुढचे टप्पे आणखी महाग असतात. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या सुमारे दुप्पट असतो. अनेकांची समजूत असते की १०१ वे युनिट पडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तसे नाही, वरच्या युनिटांनाच तो लागतो. परंतु याचा अर्थ असा की बचत नेहमी सर्वांत महाग युनिटांतूनच होते. महिना १६० युनिटे वापरणारे कुटुंब पंखे बदलून ९५ वर आले, तर त्याने दुसऱ्या टप्प्यातील सगळी साठ युनिटे पुसून टाकली. दर वरचेवर बदलतात, म्हणून ज्याने त्याने आपल्या बिलावरचा दरांचा तक्ता वाचावा. पण मोटा हिशेब असा, की नव्या पंख्यांची किंमत दीड-दोन वर्षांत वसूल होते आणि पुढची कित्येक वर्षे ते नफ्यात फिरतात.

दोन व्यावहारिक सूचना येथेच देणे बरे. बीएलडीसी पंख्याचा वेग त्याच्या रिमोटने किंवा त्याच्यासाठीच्या नियंत्रकाने बदलायचा असतो. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर वायरमनकडून मार्गातून काढून टाकावा, नाहीतर आतील इलेक्ट्रॉनिक भाग लवकर बिघडतात. आणि खरेदी करताना ताऱ्यांची पट्टी पाहावी. केंद्र सरकारची ऊर्जा दक्षता ब्युरो ही संस्था मार्च २००२ पासून कार्यरत आहे; उपकरणांवरील तारांकनाची योजना तिने २००६ मध्ये आणली आणि छताच्या पंख्यांना ते तारांकन जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या पंख्यांवर तारे नसतील, तर नवल नाही.

औद्योगिक वसाहतीत काम करणारी असंख्य कुटुंबे बोईसरमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहतात. सौर पॅनेल किंवा नवे वायरिंग त्यांच्या हातात नसते. पंखा मात्र घर बदलताना खाली उतरवून सोबत नेता येतो. भाडेकरूला करता येण्याजोगी ही एकमेव मोठी गुंतवणूक असावी.

उकळलेल्या पाण्याचा गॅस

जैन स्वयंपाकघराचा ऊर्जेचा हिशेब इतर घरांपेक्षा एका बाबतीत निराळा असतो आणि तो कोणत्याही शासकीय पत्रकात सापडत नाही. पिण्यासाठी रोज पाणी उकळणे हा तो भाग. उकळलेल्या पाण्याची कालमर्यादा परंपरेनुसार ऋतुपरत्वे बदलते, पावसाळ्यात ती कमी होते, म्हणजे शेगडीही अधिक वेळा पेटते.

एक लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता लागते. घरगुती शेगडीची कार्यक्षमता लक्षात घेता हे काम साधारण दहा ग्रॅम गॅसमध्ये होते. पाच माणसांच्या कुटुंबात रोज दहा लिटर पाणी उकळले, तर महिन्याला तीन किलो गॅस झाला. १४.२ किलोच्या सिलिंडरचा हा पाचवा हिस्सा आहे आणि तोही सगळे नीट केले तर.

नीट केले नाही, तर हा आकडा फुगतो आणि त्याचे कारण आहे वाफ. पाणी उकळू लागल्यावर मोठी आच तशीच ठेवली, तर तापमान शंभर अंशांपुढे जात नाही. फक्त पाणी उडते. उडालेल्या प्रत्येक १०० ग्रॅम पाण्याबरोबर सुमारे पाऊण लिटर पाणी उकळण्याइतकी उष्णता निघून जाते! झाकण ठेवलेले पातेले, तळाबाहेर न पसरणारी ज्योत आणि उकळी फुटताच बारीक केलेली आच, एवढ्यावर मोठा फरक पडतो. परंपरेने सांगितलेल्या तीन उकळ्या बारीक आचेवरही तितक्याच पूर्ण होतात. पाणी परातीत ओतून, कापडाने झाकून निववण्याची आजीची पद्धत आजही सर्वांत शहाणी आहे. कोमट पाण्याची बाटली फ्रीजमध्ये ठेवणे म्हणजे गॅसने दिलेली उष्णता विजेने उपसणे.

इंडक्शन शेगडीविषयी सध्या बरेच विचारले जाते. ती आपल्याकडील ऊर्जेचा फार मोठा भाग थेट भांड्याच्या तळाला देते आणि दहा लिटर पाणी सुमारे एका युनिटात उकळते. सध्याच्या भावांत पहिल्या टप्प्यातील घराला गॅस आणि इंडक्शन यांचा खर्च जवळपास सारखाच पडतो. दुसऱ्या टप्प्यात गेलेल्या घराला गॅस स्वस्त. म्हणजे आधी पंखे बदललेल्या घराला इंडक्शन परवडते. गोष्टी अशा एकमेकींत गुंतलेल्या असतात. सिलिंडर अचानक संपला किंवा नोंदणी लांबली, तर दुसरा मार्ग हाताशी असावा, हा इंडक्शनचा खरा उपयोग.

चौविहाराचा नियम पाळणाऱ्या घरांत संध्याकाळचे भोजन दिवसाच्या उजेडातच आटोपते. स्वयंपाकघराचा दिवा लवकर मालवतो, हे खरेच. दिवाणखान्यातील दूरदर्शन संच मात्र मध्यरात्रीपर्यंत तेवत असतो, हेही तितकेच खरे.

उरलेल्या उपकरणांबद्दल थोडक्यात सांगता येईल. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे असावा आणि त्याच्या दारात कागद धरून ओढल्यावर तो सहज सुटत असेल, तर दाराचे रबर बदलावे. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी दहाएक वॉट घेतच राहतो. महिन्याला ती सात युनिटे होतात, म्हणून भिंतीवरचे बटण बंद करावे. गिझर ६० अंशांवर ठेवण्याचे या किनाऱ्यावर काहीच कारण नाही. येथील नळाचे पाणी पौषातही फारसे गार नसते. वातानुकूलन यंत्रे जानेवारी २०२० पासून २४ अंशांच्या मूळ मांडणीवर येतात. एकेक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगते. २४ अंश आणि मंद पंखा यांत झोप उत्तम लागते. समुद्राची खारी हवा बाहेरच्या यंत्राच्या पत्र्यांना खाते, त्यामुळे वर्षातून एकदा स्वच्छ पाण्याने ते धुऊन घ्यावे.

सोसायट्यांच्या बाबतीत एक वेगळी नोंद. सामायिक मीटरचे बिल सर्वांचे म्हणून कोणाचेच नसते. टाकी भरून वाहणारे पाणी म्हणजे पंपाची वीज गटारात सोडणे. शंभर-दोनशे रुपयांचा फ्लोट हे थांबवतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची तक्रार उष्णतेची असते. चिंचणी-तारापूरची जुनी कौलारू घरे उंच छपराखाली आणि खोल ओटीमागे थंड राहत असत. त्यांच्या जागी आलेला सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. गच्चीला फेब्रुवारी संपण्यापूर्वी चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा पांढरा हात दिला, तर शेवटच्या मजल्यावरील खोल्या स्पष्ट जाणवण्याइतक्या निवतात. खर्च सर्व सदनिकांनी वाटून घ्यावा की वरच्यांनीच करावा, यावर सभांमध्ये जो वाद होतो, तो निदान एकदा होऊन तरी जावा.

सुरक्षा: मीठ, वारा आणि हादरे

घरातील एमसीबी तारांचे रक्षण करते, माणसाचे नाही. हा भेद अनेक सुशिक्षित घरांतही माहीत नसतो. माणसाच्या अंगातून प्राणघातक प्रवाह वाहू लागला, तरी तो एमसीबीच्या दृष्टीने क्षुल्लक असतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. जमिनीकडे झिरपणारा अल्प प्रवाह ओळखून ती क्षणार्धात वीज तोडते. तिच्यावर ‘टी’ अक्षराचे एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. खटका खाली पडला नाही, तर उपकरण निकामी आहे असे समजून बदलावे.

आरसीसीबी असली तरी अर्थिंग हवेच. किनाऱ्यावर त्याची विशेष काळजी घ्यावी लागते. खारट, ओलसर जमीन विजेला चांगली वाट देते, परंतु तीच जमीन अर्थिंगची लोखंडी पट्टी काही वर्षांत पोखरून टाकते. वरून सगळे ठीक दिसते; खड्ड्यात मात्र पट्टीचा भुगा झालेला असतो. पावसाळ्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून तिची मोजणी करून घेणे हा येथील घरांसाठी घराच्या रंगाइतकाच नियमित खर्च असला पाहिजे. फ्रीजला किंवा मिक्सरला हात लावताच हलकी झिणझिणी जाणवणे, ही त्या पट्टीची शेवटची सूचना होय.

वादळात दिवे एकाएकी झगझगीत उजळले, तर आनंद मानू नये. डीपीपासून येणारी न्यूट्रल तार तुटल्याचे ते लक्षण असू शकते आणि त्या वेळी घरात नेहमीच्या जवळपास दुप्पट दाब येतो. तत्काळ मुख्य स्विच बंद करून १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांपैकी एका धक्क्याची तीव्रता चारच्या पुढे गेली. अशा भागात सिलिंडर उभा आणि भिंतीला पट्ट्याने बांधलेला असावा, रात्री रेग्युलेटर बंद असावा, इन्व्हर्टरची बॅटरी उंच फळीवर नसावी. मुख्य स्विच कोठे आहे हे घरातील दहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असावे. गॅसचा वास आला, तर विजेचे बटण सुरूही करू नये आणि बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि १९०६ वर कळवावे. शेगडीच्या नारिंगी सुरक्षा नळीवर तिची मुदत छापलेली असते. पाच वर्षांनी ती बदलायची असते.

आता अंधाराकडे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ पालघरच्या किनाऱ्यालगतून गुजरातकडे सरकले, तेव्हा खांब आडवे झाले, झाडे तारांवर कोसळली आणि अनेक गावे अंधारात गेली. त्यानंतर इन्व्हर्टरचे महत्त्व ज्यांना पटले नव्हते त्यांनाही पटले. साध्या १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिटे असतात, वापरता येण्याजोगी सव्वाच्या आसपास. जुने तीन पंखे आणि पाच एलईडी दिवे २७० वॉट घेतात; बॅटरी साडेचार तासांत थकते. तेच पंखे बीएलडीसीचे असतील, तर भार १३५ वॉटांवर येतो आणि तीच बॅटरी नऊ तास, म्हणजे वादळाची अख्खी रात्र, सोबत करते. दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा पंखे बदललेले बरे, हे दुकानदार सहसा सांगत नाही. बचत आणि सुरक्षा या दोन वेगळ्या खात्यांत मांडायच्या गोष्टी नव्हेत.

गच्चीवरचे ऊन

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली आणि तेव्हापासून पालघर-बोईसरच्या गच्च्यांवर निळी पॅनेल वाढू लागली आहेत. योजनेनुसार पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रति किलोवॉट ३०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॉटसाठी एकूण ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान ठरले. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे अशा सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये. एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट सावलीरहित जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरता त्यातून दिवसाला चार युनिटे मिळतात. आषाढ-श्रावणात उत्पादन बरेच घटते, मार्च-एप्रिलमध्ये भरपाई होते. नेट मीटरमुळे वर्षाचा हिशेब जुळतो.

विक्रेते येतात ते बहुधा जुन्या बिलावरून मोठा संच सुचवतात. येथे घाई करू नये. आधी बचत, मग पॅनेल, हा क्रम महत्त्वाचा. वर आलेल्या १६० युनिटांच्या घराला दीड-दोन किलोवॉट लागले असते. ९५ वर आलेल्या घराला एक पुरतो.

दुसरी गोष्ट अनेकांना पॅनेल बसल्यानंतर समजते आणि मग वाद होतात. जाळ्याला जोडलेला साधा सौर संच वीज गेल्यावर आपोआप बंद पडतो, भर दुपारी लख्ख ऊन असले तरीही. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराच्या हाती उलट दिशेने वीज येऊ नये, म्हणून ती योजना मुद्दाम केलेली असते आणि ती योग्यच आहे. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील, तर बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर मागावा. तो महाग पडतो. ज्या घरात चांगला इन्व्हर्टर आधीच आहे, त्याला त्याची निकड नाही.

किनाऱ्यावर सांगाड्याकडे पॅनेलपेक्षा अधिक लक्ष द्यावे. नुसता रंग मारलेले लोखंड खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही. जस्ताच्या गरम द्रवात बुडवून काढलेला सांगाडा आणि गंज न चढणारे नटबोल्ट करारपत्रात लिहून घ्यावेत. वादळी वाऱ्याचा भार किती धरला आहे, तेही त्यातच असावे. पावसाळ्यात पॅनेल आपोआप धुतली जातात. औद्योगिक वसाहतीच्या वाऱ्याच्या दिशेला असलेल्या इमारतींवर मात्र दिवाळीनंतर धुळीचा थर लवकर बसतो. पंधरवड्यातून एकदा, ऊन चढण्यापूर्वी, साबण न लावता साध्या पाण्याने ती पुसावीत. हे काम कोणी करायचे आणि गच्चीची किल्ली कोणाकडे राहील, याचा ठराव पॅनेल बसवण्याच्या ठरावाबरोबरच सर्वसाधारण सभेत करून घ्यावा.